शब्दचर्चा: फुटबॉलमधल्या 'फॉर्मेशन'ला काय म्हणायचं?

ओवी
मंडळी, एक अडलंय. बारा वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉल शिबिरासाठी एक पुस्तिका मराठीत करतेय आणि दुसऱ्याच पानावर थांबलेय. मजकूर साधारण असा: नऊ-नऊ जणांच्या सामन्यात ३-२-३ हे फॉर्मेशन (मागे तीन, मध्ये दोन, पुढे तीन; गोलकीपर मोजत नाहीत) घ्यावं की ३-३-२? मी 'व्यूहरचना' लिहिलं. प्रशिक्षकांनी त्याभोवती लाल गोल काढून परत पाठवलं, 'व्यूहरचना म्हणजे स्ट्रॅटेजी.' मग 'संघरचना' केलं. त्यावर उत्तर, 'संघरचना म्हणजे कोणाला घेतलं आणि कोणाला बसवलं. त्यावरून पालक आधीच भांडतायत.' आता ते म्हणतात सरळ फॉर्मेशन लिहा. लिहीनही. पण त्याच परिच्छेदात पुढे 'शेप' येतो. म्हणजे कागदावर ३-३-२ असलं तरी बॉल आपल्याकडे असताना मुलं किती पसरतात आणि गेल्यावर किती आवळतात, ते. दोन्ही शब्द इंग्रजीच ठेवायचे तर मराठीत करायचं तरी काय?

अनुस्वार
'व्यूह' एवढंच लिहा. 'रचना' जोडलीत म्हणून घोटाळा झाला. वि + ऊह्, म्हणजे वेगवेगळं करून मांडणं. सैनिकांची विशिष्ट आकारातली मांडणी हाच त्याचा मूळ अर्थ. स्ट्रॅटेजी हा अर्थ वर्तमानपत्रांनी निवडणुकांच्या बातम्यांत चिकटवला. प्रशिक्षकांना सांगा की चूक त्यांची आहे.

पेठेतला
सांगा की. आणि ते पोरांना सांगतील, 'चला रे, व्यूह करा.' बारा वर्षांचं पोरगं विचारणार, अभिमन्यू मेला तोच का?
आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत तीन पिढ्या फुटबॉल खेळतात. 'व्यूह' असं कोण म्हणालेलं मी तरी ऐकलेलं नाही. 'कसं लावलंय?' एवढंच विचारतात. 'आज चार-चार-दोन लावलंय.' झालं.

ओवी
'लावलंय' छानच आहे. पण शीर्षकात नाम लागतं हो!

अनुस्वार
'लावणी' म्हणा मग.

पेठेतला
हसलो. पण भाताची असती की लावणी. अंतर ठेवून, ओळीत. वाईट नाही.

राइट_आऊट
माझं टोपणनाव बघून तरुण मंडळींना वाटतं मी कुणावर तरी रागावलोय. ती माझी जागा होती. आमच्या वेळी मागे दोन बॅक, मध्ये तीन हाफ, पुढे पाच फॉरवर्ड. फॉरवर्ड उजवीकडून मोजायचे: राइट आऊट, राइट इन, सेंटर फॉरवर्ड, लेफ्ट इन, लेफ्ट आऊट. फॉर्मेशन हा शब्द आम्हाला ठाऊकच नव्हता, कारण दुसरं काही असू शकतं हे ठाऊक नव्हतं. सगळेच तसं खेळत असले की त्याला नाव कशाला लागतंय?

आता शब्दांचीच चर्चा आहे म्हणून 'सेंटर हाफ' घ्या. नावात हाफ, आणि खेळतो मागे, बचावात. का? १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. आधी फॉरवर्ड आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीन प्रतिस्पर्धी लागत, ते दोनावर आलं. गोल धोधो व्हायला लागले. तेव्हा आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या हाफला मागे खेचून दोन बॅकच्या मध्ये उभं केलं. इंग्रजीतल्या डब्ल्यू आणि एम या अक्षरांचा आकार म्हणतात तो हाच. माणूस मागे गेला, नाव पुढेच राहिलं. आज टीव्हीवर सेंटर हाफ म्हणतात तेव्हा तो शंभर वर्षं जुना पत्ता असतो.

नंबरांचंही तेच. १९५३ साली वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ धुतलं. नऊ नंबर म्हणजे सेंटर फॉरवर्ड, पण हंगेरीचा नऊ नंबरचा हिदेगकुटी त्या जागी उभाच राहीना, मागे मागे सरकायचा. त्याच्यावर नेमलेल्या बचावपटूला कळेना की त्याच्या मागे जाऊ की जागा धरू. हिदेगकुटीने तीन गोल मारले. तेव्हा ओवीताई, नावाच्या फार मागे लागू नका. पोरं सरकली की नाव चुकतंच.

जर्सीवाला
काका, कडक. मी न्यू जर्सीत असतो. मुलगा अकरा वर्षांचा. इथे अकरा-बाराची मुलं नऊ-नऊ खेळतात, त्याआधी सात-सात. मुलाशी घरी मराठीतच बोलतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दर शनिवारी असतो. ३-२-३ मध्ये मजा काय, तर तीन पुढे असल्याने दोन्ही कडांना कायम कोणीतरी असतं. मुलांना रुंद राहायची सवय लागते. पुढे अकरा जणांत ४-३-३ खेळायला तेच कामी येतं. दुखणं मध्ये. तिथे दोघंच. समोरच्यांनी तीन ठेवले की ती दोन मुलं पहिल्या पंधरा मिनिटांत दमतात आणि कोणी ना कोणी कायम मोकळं राहतं. ३-३-२ मध्ये मधलं भरतं, पुढे जोडी मिळते, पण कडा रिकाम्या पडतात. मग मधल्या तिघांतली बाहेरची दोन मुलं अख्ख्या मैदानाच्या लांबीएवढी धावतात. ती दोन कोण, हे ठरवताना कोचचा कस लागतो. माझ्या मते या वयात जिंकण्यासाठी ३-३-२, शिकण्यासाठी ३-२-३.
शब्दाचं म्हणाल तर मी 'मांडणी' म्हणतो. मुलगा म्हणतो, 'बाबा, लाइक कॅरम?'

अनुस्वार
मांडणी ही स्वयंपाकघरात भांडी ठेवायची असते.

ओवी
आणि प्रबंधातही असते, अनुस्वार. 'विषयाची मांडणी.' मला 'मांडणी' आवडतोय. पण 'शेप'साठी काय?

डिचोलीकर
मी काही वर्षं गोव्यात मराठी दैनिकाच्या क्रीडापानावर होतो. आम्ही काय करत होतो ते सांगतो. 'फॉर्मेशन' टाळत होतो. 'साळगावकर क्लबने ४-४-२ असा खेळ केला' असं लिहून पुढे जायचं. मथळ्यात तर विचारच नको, कॉलमात बसत नाही. पण बचावफळी, मधली फळी, आघाडीफळी हे तिन्ही रोजचे शब्द होते. 'फळी'ला तुम्ही विसरलात याचं आश्चर्य वाटतं. लढाईतला शब्द आहे, म्हणजे अनुस्वारांची हौस भागते. क्रिकेटमध्येही 'मधली फळी' चालते, म्हणजे पेठेतही कळेल.

एक युक्ती सांगतो, क्रीडापानावर शिकलो. नाम नीट आहे की नाही हे त्याच्या क्रियापदावरून बघायचं. फळी फुटते. व्यूह भेदतात. रचना कोलमडते. मांडणी विस्कटते. आता खेळात काय होतं ते बघा. १७ वर्षांखालच्यांचा विश्वचषक आपल्याकडे २०१७ साली झाला. ९ ऑक्टोबरला दिल्लीत भारत-कोलंबिया. पहिल्या अर्ध्यात आपली पोरं चिकटून खेळली, ०-०. दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीला कोलंबियाचा गोल. मग ८२व्या मिनिटाला कॉर्नरवर जीक्सन सिंगने हेडरने बरोबरी केली, विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. सगळं स्टेडियम उभं. आणि लगेच ८३व्या मिनिटाला कोलंबियाने दुसरा मारला. त्या एका मिनिटात काय झालं? फळी फुटली असं मी म्हणणार नाही. फुटायला कोणी हल्ला करून भगदाड पाडावं लागतं. आपली पोरं आनंदात होती, अंतरं वाढली होती. ती *विस्कटली*. म्हणजे तिथे 'मांडणी' किंवा 'घडी'. फळी हे ओळीचं नाव, मांडणी हे सगळ्या ओळी मिळून जे होतं त्याचं. ओवीताईंना दोन्ही लागतील.

पेठेतला
त्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, ते पण लिहा की.

डिचोलीकर
लिहिलं. म्हणजे तुम्हीच लिहिलंत.

अनुस्वार
क्रियापदाची युक्ती मान्य. पण मग 'व्यूह' का नापास? व्यूह रचतात, मोडतात, पुन्हा रचतात. आणि फुटबॉलला लागणारे सगळे शब्द आपल्याकडे तयार पडलेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, सांग्रामिक नावाच्या दहाव्या अधिकरणात व्यूहाचे भाग दिलेत. टोकाचे दोन ते पक्ष, त्यांच्या आतले कक्ष, मधला उरस्य आणि मागे राखून ठेवलेला प्रतिग्रह. पक्ष म्हणजे पंख, म्हणजेच तुमचा विंग. तोही दोन बाजूंना. उशनस्, म्हणजे शुक्राचार्य, नुसते पक्ष मानतो, बृहस्पतीचे अनुयायी कक्षही मानतात. म्हणजे दोनाची ओळ की चाराची, हा वाद तेव्हाही होताच.
जर्सीवाल्यांच्या प्रश्नालाही उत्तर आहे. भीष्मपर्वाच्या आरंभी कौरवांचं सैन्य मोठं पाहून युधिष्ठिर अर्जुनाला बृहस्पतीचं मत सांगतो: थोडे असाल तर एकवटून लढा, पुष्कळ असाल तर हवं तसं पसरा. अर्जुन मग वज्रव्यूह रचतो. दुबळ्या संघाने ३-३-२ घेऊन मध्ये आवळून राहावं. याहून सोपं काय सांगायचं?

जर्सीवाला
हे भारीच आहे. पण फुटबॉलमध्ये थोडे आणि पुष्कळ कुठे असतात? नऊला नऊच. अडचण माणसं कमी असण्याची नसते, ती चुकीच्या जागी असण्याची असते. या वयात तर बॉल जिथे तिथे सगळी फौज.

अनुस्वार
त्यालाही शब्द आहे, पण उलटा. दंड, भोग, मंडल, असंहत हे व्यूहाचे चार प्रकार. एकमेकांना न चिकटता सुटे राहून लढणारा तो असंहत. कोचांना हवा असतो असंहत, पोरं करतात मंडल.

पेठेतला
कोच टचलाइनवरून ओरडणार, 'असंहत व्हा रे!' नाद खुळा.
अहो, आमचा कोच एकच शब्द ओरडतो. 'जागा!' जागा धर, जागा सोडू नको, जागेवर ये. सगळं फॉर्मेशन त्या एका शब्दात आलं. पुस्तिकेत 'जागा' लिहा. शेप म्हणजे जागेतली जागा.

ओवी
'जागावाटप'?

पेठेतला
नको. निवडणूक लागेल. आघाडीत बिघाडी.

राइट_आऊट
अनुस्वार, एक शंका. व्यूह आणि ऊहापोह यांतला 'ऊह' एकच ना? म्हणजे व्यूह हा मुळात विचारच, वेगळा करून मांडलेला. मग स्ट्रॅटेजी हा अर्थ वर्तमानपत्रांनी चिकटवला असं कसं म्हणता?

अनुस्वार
नाही. धातू दिसायला सारखे, पण दोन आहेत. एकाचा अर्थ ढकलणं, हलवणं. दुसऱ्याचा तर्क करणं. व्यूह पहिल्याचा, ऊहापोह दुसऱ्याचा.

राइट_आऊट
ढकलून ढकलून एका जागी बसवणं म्हणजेच विचार करणं. मला तरी एकच वाटतात.

अनुस्वार
काका, वाटण्यावर व्युत्पत्ती चालत नाही.

डिचोलीकर
चालते. शब्दचर्चा तेवढ्यावरच चालते.

पेठेतला
शुद्ध शब्दांचा एवढा सोस असेल तर आधी आमच्या संघांची नावं बदला. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. तालीम अरबी. दिल फारसी, बहार फारसी. ज्या तालमीत कुस्ती खेळायचे त्याच तालमीचे फुटबॉल संघ झाले आणि शाहू स्टेडियमवर पंचवीस-तीस हजार माणूस त्यांच्या नावाने बोंबलतंय. 'डावपेच' तरी कुठून आला? त्यातला पेच फारसीच. डाव कुस्तीतला. तो चालतो ना टॅक्टिक्सला? मग फॉर्मेशनने काय घोडं मारलंय?

अनुस्वार
तालीम चारशे वर्षं रुळलीय. फॉर्मेशनला चार वर्षं झालीत. 'महापौर' आणला तेव्हाही लोक हसलेच होते, आज मेयर कोण म्हणतं?

पेठेतला
महापौर रोज फुटबॉल खेळत नाही.

ओवी
मंडळी, वेळ कमी आहे. आज असं केलंय: शीर्षकात 'मांडणी', ओळींना 'फळी', आणि 'शेप'ला 'ठेवण'. 'बॉल गेला की संघाची ठेवण आवळायची.' चेहऱ्याची ठेवण, शरीराची ठेवण म्हणतोच. कसं वाटतंय?

डिचोलीकर
ठेवण उत्तम! पण ठेवण आवळत नाहीत. ती असते. चेहऱ्याची ठेवण कोण आवळतं? क्रियापद बघा.

ओवी
तुमच्या युक्तीने माझं एकही पान संपणार नाही. बरं, प्रशिक्षकांनी अजून एक आकृती पाठवलीय, ३-१-३-१. मधल्या पाच जणांचं 'डायमंड' म्हणे, पाचवा त्याच्या पोटात. 'हिरा' लिहू?

राइट_आऊट
पत्त्यांतल्या डायमंडला आपण चौकट म्हणतो. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट. 'चौकट' लिहा.

जर्सीवाला
काका, चौकट म्हटलं की मुलं दाराची काढतील, काटकोनात. आणि गोलपोस्टलाही कोणी चौकट म्हणेल.

पेठेतला
शंकरपाळं. फळ्यावर काढून दाखवायची पण गरज नाही. कोच म्हणाला 'मध्ये शंकरपाळं करा' की पोरं बरोबर तिरकी उभी राहतील. दोघं एका ओळीत आले की म्हणायचं, शंकरपाळं मोडलं.

ओवी
हे घेतलं! न विचारता घेतलं.

अनुस्वार
'शंकरपाळं' नव्हे, शंकरपाळा. पुल्लिंगी. अनेकवचन शंकरपाळे.

डिचोलीकर
आमच्याकडे शंकरपाळी, स्त्रीलिंगी.

पेठेतला
डब्यातली असतील स्त्रीलिंगी. मैदानावरचं नपुंसकलिंगी. आमच्याकडे तसंच म्हणतात.

अनुस्वार
'आमच्याकडे म्हणतात' हा पुरावा नव्हे. कोशात पाहा.

राइट_आऊट
आमच्या घरी तर एकवचनात कोणी बोलतच नाही. एक शंकरपाळा कोण खातो?