यश कष्टाचं की नशिबाचं?

वाटसरू (धागाकर्ता)

‘मेहनत करणाऱ्याला यश मिळतंच’ हे वाक्य मला खटकतं. कष्टांना कमी लेखायचं नाही. कष्टांशिवाय उभं राहिलेलं आणि टिकलेलं करिअर माझ्या तरी पाहण्यात नाही. पण हे वाक्य लोक उलटं फिरवतात: यश मिळालं नाही ना, मग मेहनतच कमी पडली असणार. माझा विरोध त्याला आहे.

कॅनडातल्या पदवीधरांच्या कमाईचा माग काढणारा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मंदीत शिक्षण संपवून बाहेर पडलेल्यांची सुरुवातीची कमाई सुमारे ९ टक्क्यांनी कमी राहिली आणि ती तूट भरून यायला जवळपास १० वर्षं गेली. या मुलांनी अभ्यास कमी केला नव्हता. दोन वर्षं आधी जन्मली असती, तर त्याच गुणांवर चांगल्या जागी लागली असती. जन्माचं साल कुणी कष्टाने मिळवत नाही.

खटपट्या

सहमत नाही. तूट भरून आली हे तुम्हीच लिहिलंय. ती आपोआप भरली का? लोक पहिल्या सुमार नोकरीत अडकून न पडता कंपन्या बदलत वर सरकले. म्हणजे फटका नशिबाचा आणि त्यातून वर येणं प्रयत्नांचं.

मला भीती वेगळीच वाटते. माणसाच्या हातात असतात ते प्रयत्न. विशी-बाविशीतल्या मुलांना ‘सगळा नशिबाचा खेळ’ असं वारंवार ऐकवलं, तर ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ म्हणून बसणारी पिढी तयार होईल. खरं असो वा नसो, कष्टांवरचा विश्वास माणसाला कामाला लावतो, हे काय कमी आहे?

शाईपेन

‘खरं असो वा नसो’ इथेच अडतंय ना! खोट्या भरवशावर कामाला लागलेला माणूस पहिल्या अपयशात स्वतःलाच दोष देऊन मोडतो.

२००६ मध्ये अमेरिकी संशोधकांनी केलेला एक प्रयोग सांगते. अनोळखी बँडची ४८ गाणी आणि १४ हजारांहून जास्त श्रोते. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीचे ८ वेगवेगळ्या गटांत विभागलेले होते आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलंय, तो आकडाही त्यांना दिसत होता. गाणी सगळीकडे तीच, पण हिट ठरलेली गाणी गटागटांत वेगळी निघाली. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट क्वचितच वर आली. मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं.

आपल्यातले बहुतेक जण त्या मधल्या गाण्यांसारखेच असतात. गुणवत्ता तुम्हाला तळापासून वाचवते. त्यापुढे सुरुवातीला कुणाचं लक्ष गेलं, कुणी पहिलं मोठं काम सोपवलं, यावर बरंच ठरतं, आणि एका संधीतून पुढची मिळत जाते.

उत्तरायण

प्रयोग रोचक आहे, पण गाणं एकदा बनवून झालं की स्वतःला सुधारू शकत नाही. माणूस सुधारतो.

जैवरसायनशास्त्रज्ञ कातालिन कारिको यांचं उदाहरण घ्या. एमआरएनएवरच्या (पेशीला प्रथिनं बनवायची सूचना पोचवणाऱ्या रेणूवरच्या) कामाला अनुदान मिळेना म्हणून १९९५ मध्ये विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणलं. कुणीही सोडून दिलं असतं. त्या थांबल्या नाहीत. २००५ मध्ये सहकारी संशोधक ड्रू वाइसमन यांच्याबरोबर महत्त्वाचा शोधनिबंध आला आणि २०२३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. याला नशीब म्हणायचं?

शाईपेन

वाइसमन त्यांना भेटले कुठे, तेही सांगा की! फोटोकॉपीच्या मशीनपाशी. दोघंही तिथे शोधनिबंधांच्या प्रती काढायला यायचे. आणि २०२० ची कोविडची साथ येऊन एमआरएनए लशींची गरज पडली नसती, तर या कामाचं मोल जगाला इतक्या लवकर कळलं असतं का? त्यांच्या चिकाटीला माझा दंडवत. पण तितक्याच चिकाटीने राबलेले आणि असा सहकारी न भेटलेले किती असतील? त्यांची नावं आपल्याला माहीतच नाहीत, म्हणून ते आपल्या हिशोबात येत नाहीत.

उत्तरायण

त्या मशीनपाशी बरेच जण येत असणार. पण दाखवण्यासारखं वर्षानुवर्षांचं काम हातात होतं, म्हणून त्या ओळखीतून पुढे काही घडलं. जितके प्रयत्न जास्त, तितक्या वेळा नशिबाला दार उघडं. माझ्या मते कष्ट आणि नशीब वेगळे काढताच येत नाहीत.

वाटसरू (धागाकर्ता)

‘जितके प्रयत्न जास्त’ या शब्दांपाशीच थांबू या, कारण माझा खरा मुद्दा तोच आहे. पुन्हापुन्हा प्रयत्न करणं कुणाला परवडतं? दोन वर्षं पगाराशिवाय काढता येणाऱ्याला तीन संधी मिळतात. ज्याच्या पगारावर घर चालतं, त्याला एकच, आणि ती हुकली की मिळेल ती नोकरी. दोघांचे कष्ट सारखे असू शकतात.

खटपट्या, तूट भरून आली हे सरासरीचं चित्र झालं. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. ज्यांचं शिक्षण आधीच जास्त कमाईच्या वाटेवरचं होतं, ते लवकर सावरले. कमी कमाईच्या वाटेवरच्यांचा तोटा मोठा होता आणि तो बराच जास्त काळ राहिला. वर सरकण्याची ताकदही सगळ्यांना सारखी मिळत नाही.

खटपट्या

हा मुद्दा पटला. पुन्हा प्रयत्न करण्याची ऐपत हा मी विचारात न घेतलेला भाग आहे. निवड करणाऱ्याने बायोडेटा वाचताना उमेदवार कुठल्या वर्षी बाहेर पडला, मधल्या काळात त्याच्यावर काय जबाबदाऱ्या होत्या, हे बघायलाच हवं.

तरी त्या उमेदवाराशी बोलायची वेळ आली, तर मी नशिबाचा विषय काढणार नाही. सध्याच्या नोकरीत राहूनच पुढचा अर्ज कसा करायचा, तेच सांगेन.

वाटसरू (धागाकर्ता)

उमेदवाराला तेच सांगा, माझी काही हरकत नाही. नशिबाचा विषय काढायचा तो निवड समितीसमोर आणि वर पोचलेल्यांसमोर. दुसरी संधी कुणाला द्यायची, हे तेच ठरवतात.