लिंडनंतरची ४८ वर्षं
असं म्हटलं जातं की जहाजावरचा डॉक्टर जेम्स लिंड यानं स्कर्व्हीवर (क जीवनसत्त्वाच्या अभावानं खलाशांना होणाऱ्या आजारावर) केलेल्या प्रयोगानंतर ब्रिटिश आरमारात लगेच लिंबू सुरू झालं, पण तसं नाही झालं. १७४७ला सॅलिसबरी जहाजावर ज्या दोघा आजारी खलाशांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू दिलं त्यातला एकजण सहा दिवसांत, फळं संपेस्तोवर, कामावर जाण्याइतका बरा झाला, तरी आरमाराचा हुकूम निघायला १७९५ उजाडलं आणि लिंड आदल्याच वर्षी गेला. मला सगळ्यात चटका लावतं ते त्याचं 'रॉब', म्हणजे रस टिकावा म्हणून तासन्‌तास आटवून केलेला दाट अर्क. उष्णतेनं त्यातलं क जीवनसत्त्वच बहुतेक उडून जायचं आणि बिचाऱ्याला ते कळायला काही मार्गच नव्हता, जीवनसत्त्व ही कल्पनाच विसाव्या शतकातली.