सोन्याच्या नॅनोकणांवर सिलिकाचे एकसमान कवच : मदत हवी आहे
सायट्रेट पद्धतीने (सोन्याच्या क्षाराचे सायट्रेटने क्षपण करून) तयार केलेल्या, सुमारे १५ नॅनोमीटर व्यासाच्या सोन्याच्या कणांवर मला सिलिकाचे कवच चढवायचे असून प्रत्येक कवचात नेमका एकच कण असावा, ही अट आहे. कण आधी पीव्हीपीने (पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन या बहुवारिकाने) स्थिर करून इथेनॉलमध्ये घेतो आणि मग श्टोबर पद्धतीप्रमाणे अमोनिया व टीईओएस (टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट, ज्यापासून सिलिका तयार होते) घालतो. पीव्हीपीच्या टप्प्यापर्यंत द्रावण लालच राहते आणि प्रकाशशोषणाचे शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास टिकते, म्हणजे गुठळ्या तिथे होत नसाव्यात.

अडचण पुढची आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सोन्याविना तयार झालेले सिलिकाचे गोळे पुष्कळ दिसतात, तर काही कवचांत दोन-तीन कण एकमेकांना चिकटून अडकलेले असतात. टीईओएसची संहती क्षणभर वाढून सिलिकाची स्वतंत्र केंद्रे तयार होत असावीत, असा माझा कयास आहे. रिकामे गोळे सेंट्रिफ्यूजने वेगळे काढता येतात हे खरे, पण तो काही मूळ इलाज नव्हे.

टीईओएसचे प्रमाण सोन्याच्या एकूण पृष्ठफळावरून ठरवून ते टप्प्याटप्प्याने घालावे, की आधी अमोनिया कमी करावा? पीव्हीपीच्या साखळीची लांबी बदलल्याने कण सुटे राहतात का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया प्रमाणांसह सांगावे.