विमानांच्या मापातल्या मॉडेलांना चुंबकी जोड द्यावेत का?

सांगलीकर :
प्रत्यक्ष विमानात जे भाग काढता-लावता येतात, ते मॉडेलमध्येही सुटेच असावेत, असे माझे ठाम मत आहे. सध्या हातात असलेल्या १:७२ मापाच्या (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढ्या) मिग-२१ टाइप ७७ या लढाऊ विमानाच्या पोटात मी दोन मिलिमीटर व्यासाचा व एक मिलिमीटर जाडीचा निओडिमियमचा जोरदार चुंबक बसवला आहे. या प्रकाराला अंगची तोफ नव्हती. त्यामुळे पोटाखाली जादा इंधनाची टाकी किंवा त्याच जागी तोफेचा पॉड (बाहेरून टांगायचे तोफेचे कवच), यांपैकी एकच लावता येई. टाकी एकदा चिकटवली की पॉड कायमचा डब्यात राहतो. शिवाय २०१९ च्या महापुरात पाणी चढू लागले, तेव्हा घाईने माळ्यावर नेताना माझ्या तीन विमानांच्या टाक्या मुळापासून तुटल्या. सुट्या असत्या तर वाचल्या असत्या.

सातारकर :
हे मला पटत नाही. चिकटवलेल्या जोडात पुट्टी भरून, ओल्या पॉलिशपेपरने घासून रेषा नाहीशी करता येते. चुंबकी जोडात ती कायम राहते, आणि या मापात केसाएवढी फट म्हणजे खऱ्या विमानावर जवळपास पाच मिलिमीटरची भेग. पंखाखालचा पायलॉन (शस्त्रे टांगायचा आधार) तर जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाड असतो, त्यात चुंबकासाठी भोक पाडले की उरते काय? मी एकदा पंखात चुंबक बसवला होता. रंग वाळल्यावर वरच्या बाजूला त्याचा गोल उंचवटा स्पष्ट दिसू लागला आणि महिन्याभराचे काम वाया गेले. दोन्ही रूपे हवी असतील, तर दोन विमाने करावीत.

मिरजकर :
फटीचा आक्षेप पंखाच्या मुळाशी खरा आहे, पोटाखाली नाही. कारण टाकी आणि पोट यांच्यामधली रेषा मूळ विमानातही असते. आमच्याकडे सतारीचे पडदे दोऱ्याने बांधतात ते सरकवता यावेत म्हणूनच, आणि त्या बांधणीला कोणी कच्चे काम म्हणत नाही. मात्र एकच गोल चुंबक लावला तर टाकी त्याच्याभोवती फिरते, म्हणून शेजारी पितळी तारेची बारीक खुंटी हवीच. दोन्हीकडे चुंबक असतील तर कोणती बाजू कोणाला ओढते, ते चिकटवण्याआधी मार्करने खुणावून ठेवावे. एका बाजूला लोखंडी पत्र्याचा तुकडा बसवला तर ही काळजीच उरत नाही, फक्त पकड थोडी कमी होते. साधे निओडिमियम ८० अंश सेल्सिअसच्या वर क्षीण होते, तेव्हा तापलेल्या डिंकाच्या बंदुकीपासून ते दूर ठेवावे. घरात लहान मूल असेल तर आणखी जपावे. दोन चुंबक पोटात गेले तर ते आतड्याच्या भिंती चिमटीत पकडतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

सातारकर :
पोटाखालच्या टाकीपुरते मान्य. पण चाकांचे दांडे चुंबकावर उभे करू नका; विमानाचा सगळा भार त्यांच्यावर येतो आणि जरा धक्का लागला की ते फाकतात.

सांगलीकर :
दांडे मी चिकटवलेलेच आहेत आणि पायलॉनबाबतचे आपले म्हणणेही मान्य. टाकी मात्र खरोखरच फिरते आहे, हे आज पुन्हा पाहिले. रविवारी पितळी खुंटी बसवतो.