वडिलांचा एससी दाखला बिहारचा, शिक्षण नाशकात: इंजिनिअरिंगच्या फॉर्मात काय भरायचं?

सातपूर_अभ्यासिका: अंबड एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराची मुलगी आहे. जन्म नाशिकचा, दहावी-बारावी इथूनच, सीईटी झाली. वडिलांकडे बिहारचा एससी दाखला आहे. कॅटेगरी काय टाकायची? डोमिसाइल नाही, म्हणून परराज्यातली धरतील का?

दाखले_आणि_शिक्के: दोन्ही प्रश्न वेगळे ठेवा, सगळा घोळ ते एकत्र केल्यानेच होतो.

परराज्यातली धरणार नाहीत. दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून आणि जन्मही इथला, म्हणजे ती 'टाइप ए'त, महाराष्ट्रातल्या उमेदवारांच्या गटात, बसते. जन्मस्थळ लिहिलेला शाळा सोडल्याचा दाखला किंवा मनपाचा जन्मदाखला लावा. डोमिसाइल (राज्याचा रहिवासी दाखला) तरी काढूनच ठेवा, पुढे लागतंच. त्याला १० वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. लाइटबिल खोलीमालकाच्या नावावर असतं, त्यामुळे पहिलीपासूनचे शाळेचे बोनाफाइड गोळा करा.

कॅटेगरी मात्र ओपन. जात दोन्ही राज्यांच्या यादीत असली तरी उपयोग नाही. इथल्या एससी दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० ला कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं हे दाखवावं लागतं. बिहारच्या दाखल्यावर एससी भरलंत तर तो दावा कागदपत्र तपासणीत किंवा जात पडताळणीत पडतो, आणि तोवर प्रवेशाचा राउंड निघून गेलेला असतो.

कॅप_राउंड: ओपन म्हटल्यावर फीचं बघा. टीएफडब्ल्यूएसला, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या योजनेला, जात लागत नाही. उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि मेरिट, बस. मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा असतात. ऑप्शन फॉर्ममध्ये शेवटी 'टी' असलेले कोड वेगळे भरावे लागतात, आणि पोरं नेमकी तिथेच चुकतात. फक्त ट्यूशन फी माफ होते, बाकीची भरावी लागते. या जागेवर प्रवेश घेतला की नंतर कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही. म्हणून वरचे पर्याय विचार करून टाका.

उत्पन्नाचा दाखला तहसीलचाच हवा, कंत्राटदाराचं पत्र चालत नाही. निकालानंतर सेतूत झुंबड उडते, आत्ताच अर्ज टाका.

दाखले_आणि_शिक्के: एक राहिलं, नाव. बिहारी आधारवर 'अमुक कुमारी' असतं आणि शाळेत आपल्या पद्धतीने नाव-वडील-आडनाव. महाडीबीटीला (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलला) हे जुळत नाही. दहावीची मार्कशीट प्रमाण धरून आधार दुरुस्त करा, उलटं नको. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं. बँक खातंही आधारला सीड केलेलं, म्हणजे सरकारी पैसे आधारवरून थेट त्यात जमा होतील असं, हवं, नुसतं लिंक पुरत नाही.

सातपूर_अभ्यासिका: मग बिहारचा दाखला वायाच?

कॅप_राउंड: अजिबात नाही. बिहार सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती राज्याबाहेर शिकणाऱ्या तिथल्या रहिवाशांनाही असते. पण तिथला रहिवासी दाखला लागतो. इथलं डोमिसाइल आणि तिथला रहिवासी, दोन्ही दाखवून दोन्हीकडून लाभ घ्यायला जाऊ नका. टीएफडब्ल्यूएस मिळालं तर आधी त्याचा हिशोब करा, मग ठरवा.