पीसी आपला आपण रिस्टार्ट होतोय, निळी स्क्रीनही येत नाही. फॉरमॅट मारू की मदरबोर्ड बदलू?

वडगाव_माग

नमस्कार मंडळी. घरचा असेंबल केलेला पीसी काम चालू असतानाच फट्कन बंद पडतो आणि दोन सेकंदांत आपला आपण परत चालू होतो. आय-थ्री दहावी जनरेशन, ८ जीबीची एकच रॅम, एसएसडी, विंडोज १०. ग्राफिक्स कार्ड नाही. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटबरोबर आलेलाच आहे, वर ४५० वॅट लिहिलंय. यूपीएस ६०० व्हीएचा, बॅटरी घेतल्यापासून तीच.

खाली चार यंत्रमाग आहेत, वर खोलीत पीसी. सकाळी माग सुरू होताना आणि संध्याकाळी सहा ते नऊच्या दरम्यान हा प्रकार जास्त. टॅलीत बिल टाकताना अर्धवट राहिलं की परत सगळं टाकावं लागतं. दुकानदार म्हणतोय आधी विंडोज नवीन घालू, नाही जमलं तर मदरबोर्ड बदलू. खर्चात पडण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल?

स्क्रूड्रायव्हर

फॉरमॅट आत्ता अजिबात नको. विंडोजचा दोष आहे की विजेचा, हे विंडोजच सांगतं, ते आधी बघा.

धिस पीसीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, मग स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या खालचं सेटिंग्ज बटण. तिथे ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ची टिक काढा. ही टिक असली की विंडोज कोसळल्यावरची निळी स्क्रीन येऊनही दिसायच्या आत मशीन रिस्टार्ट होतं. टिक काढल्यावर निळी स्क्रीन थांबून राहिली तर तिच्यावरच्या कोडचा फोटो काढून इथे टाका. तरीही स्क्रीन न येता फट्कन गेलं, तर ड्रायव्हर आणि विंडोज यांच्यावरचा संशय बराच कमी झाला.

मग स्टार्टवर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. तिथे लाल खुणेची ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद सापडेल. ती बघून ‘पॉवर सप्लाय गेला’ असं बरेच जण ठरवून टाकतात, ते चूक आहे. ही नोंद मशीन परत चालू झाल्यावर पडते आणि ‘मागच्या वेळी नीट बंद झालं नव्हतं’ एवढंच सांगते. खरी माहिती तिच्या डिटेल्स टॅबमध्ये असते. तिथे ‘बगचेककोड’ शून्य नसेल तर निळ्या स्क्रीनचाच प्रकार आहे. शून्य असेल तर विंडोजला काही कळायच्या आतच करंट तुटला, रिसेट दाबला गेला किंवा मशीन जागीच गोठलं. त्याच वेळेच्या आसपास ‘व्हिया-लॉगर’ची (हार्डवेअरच्या चुकीची) नोंद असेल तर प्रोसेसर, रॅम, बोर्ड यांच्याकडे वळायचं. आणि १०७४ नंबरची नोंद दिसली तर कुठल्यातरी प्रोग्रामने किंवा अपडेटने रीतसर रिस्टार्ट मागितलेला असतो, तिथे हार्डवेअर उघडायचं कारणच नाही.

आता फुकटातली एक तपासणी. पावसाळ्यात आपल्याकडे दमट हवेनं कॅबिनेटचं रिसेट बटण आतून गंजतं किंवा अडकून राहतं. प्लग काढा, बोर्डच्या खालच्या कोपऱ्यात ‘रिसेट’ लिहिलेली दोन पिनांची वायर असते ती उपसून ठेवा. तिच्याशिवाय मशीन व्यवस्थित चालतं. रिस्टार्ट थांबला तर वायर कायमची काढून टाका, खर्च शून्य.

खाली माग आहेत म्हणजे सुताची बारीक लव हवेत असणारच. ती पंख्याच्या खाली, हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पट्ट्यांवर नमद्यासारखी बसते, वरून बघून कळत नाही. पंखा काढून बघा. ब्लोअर मारताना पाती बोटानं धरून ठेवा, पंखा गरगर फिरू देऊ नका, बेअरिंग जातं. हीटसिंक काढलाच तर जुनी पेस्ट पुसून वाटाण्याहून लहान थेंब नवीन लावा, आणि बसवताना चारही पुश-पिना ‘टक्’ वाजेपर्यंत दाबा. एक पिन जरी उचललेली राहिली तरी प्रोसेसर तापतो. मात्र तापलेलं इंटेल मशीन आधी हळू होतं, अगदीच हाताबाहेर गेलं तरच बंद पडतं, आणि बंद पडल्यावर सहसा बंदच राहतं. तुमची लक्षणं तशी नाहीत.

वायरमन_निपाणी

माग सुरू होताना जातो, हेच मला महत्त्वाचं वाटतंय. मोटर उभी असताना स्विच टाकला की पहिल्या क्षणी ती नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते. चार माग एकदम टाकले की त्याच फेजवरचं व्होल्टेज खाली बसतं. संध्याकाळी तर गल्लीतल्या सगळ्यांचाच लोड असतो.

मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टवर लावून पीसीच्या सॉकेटला रीडिंग घ्या. फेज-न्यूट्रल २०७ ते २५३ मध्ये हवं. फेज-अर्थिंगही जवळजवळ तेवढंच यायला पाहिजे. न्यूट्रल-अर्थिंग दोन-तीन व्होल्टच्या आत. रीडिंग दोनदा घ्या, एकदा माग बंद असताना, एकदा कुणालातरी खाली माग टाकायला सांगून. पिना धरताना पायात रबरी चप्पल, आणि हात ओले नकोत.

एक गोष्ट मात्र आजच बघा. माग टाकल्यावर घरातले काही दिवे मंद आणि त्याच वेळी दुसऱ्या खोलीतले जास्त प्रखर होत असतील, तर थ्री-फेजचं न्यूट्रल ढिलं आहे. तेव्हा एखाद्या फेजला ३०० व्होल्टच्या वरही जातं. पीसी काय, टीव्ही-फ्रिज सगळंच जळेल. तसं दिसलं तर मेन स्विच पाडा, लाइनमनला बोलवा, मीटरच्या पेटीला स्वतः हात लावू नका. दिवे सगळेच एकसारखे मंद होत असतील तर साधा व्होल्टेज ड्रॉप आहे, घाबरायचं कारण नाही.

वडगाव_माग

दोघांचे आभार. टिक काढली, निळी स्क्रीन येत नाही. बगचेककोड ०, व्हिया-लॉगर नाही. रिसेटची वायर काढूनही तेच. माग बंद असताना २१४ व्होल्ट, चारही एकदम टाकले की क्षणभर १७५ पर्यंत येतं. दिवे सगळे मंद होतात, प्रखर कुठलाच नाही. न्यूट्रल-अर्थिंग २ व्होल्ट. यूपीएस काढून पीसी थेट भिंतीत लावला तर त्रास बराच कमी झाला, हे कसं काय? यूपीएसनं तर वाचवायला पाहिजे ना?

खानापूरकर

उत्तर त्यातच आहे. व्होल्टेज ठराविक मर्यादेखाली गेलं की यूपीएस रिले टाकून बॅटरीवर जातो. बॅटरी मेलेली असेल तर त्या क्षणी पीसीला काहीच मिळत नाही. एसएमपीएस स्वतःच्या कपॅसिटरवर फार तर १५-२० मिलिसेकंद तग धरतो, नंतर बोर्डला जाणारा ‘पॉवर गुड’ सिग्नल पडतो आणि बोर्ड रिसेट होतो. व्होल्टेज सावरलं की पीसी परत सुरू. थेट भिंतीत लावल्यावर एसएमपीएसला १७५ तरी मिळत होते, म्हणून बऱ्याचदा निभावलं.

खात्री करून घ्या. यूपीएस आठ तास चार्ज करा, पीसी न लावता त्याला ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा आणि भिंतीतला प्लग ओढा. धडधाकट बॅटरीवर बल्ब पंचवीस-तीस मिनिटं जळतो. लगेच विझला किंवा दोन मिनिटांत गेला तर बॅटरी संपली. बॅटरीच्या टोकांना डीसी मीटर लावला तर चार्ज करून थोडा वेळ ठेवल्यावर १२.६ च्या पुढे हवं, आणि बल्ब जळताना लगेच १०.५ च्या खाली जाता कामा नये.

६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुतेक १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद बॅटरी असते. जुनीवरचे आकडे वाचूनच नवीन घ्या, घेताना तारीख बघा, कपाटात वर्षभर पडलेली घेऊ नका. झाकण उघडण्याआधी भिंतीतला प्लग काढा आणि यूपीएस बटणानं बंद करा. बॅटरी जोडलेली असेपर्यंत आउटपुटला २३० व्होल्ट येऊ शकतात हे विसरू नका. लाल वायर प्लसलाच. उलटी लागली तर आतले फ्यूज आणि मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे भाग) दोन्ही जातात. तुमच्या पीसीला मॉनिटरसकट फार वीज लागत नाही, मोठा यूपीएस घ्यायची गरज नाही. प्रिंटर मात्र त्यावर लावू नका, लेझर असेल तर मुळीच नको.

स्क्रूड्रायव्हर

आणि त्या एसएमपीएसचं लेबल वाचा. वर ४५० लिहिलेलं असतं, पण १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर दिलेत ते बघायचं. १४ असतील तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅटच. तुमच्या पीसीला तेही पुरतात. पण जाळीतून टॉर्च मारून बघा, कपॅसिटरचं डोकं फुगलंय किंवा तपकिरी काही गळलंय असं दिसलं तर एसएमपीएस बदला. उघडू मात्र नका, प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्टच्या आसपास साठलेले असतात. बायोसच्या (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डची सेटिंग्ज) हार्डवेअर मॉनिटरमध्ये १२ चा आकडा ११.४ ते १२.६, ५ चा ४.७५ ते ५.२५ मध्ये असायला हवा. बायोसमध्ये लोड नसतो, त्यामुळे तिथे ठीक दिसलं म्हणून सुटलात असं नव्हे. पण तिथेच कमी दिसलं तर मीटरनं पडताळून बघा.

वायरमन_निपाणी

बॅटरी येईपर्यंत चार माग एकदम टाकू नका, एक टाकला की दहा सेकंद थांबून दुसरा. पुढे वायरमनकडून वरच्या खोलीची लाइन मागांच्या वायरिंगपासून वेगळी करून घ्या. मीटरपासून २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (लोड वाढला की आपला पडणारा स्विच). माग सिंगल फेजवर असतील तर वरचा मजला दुसऱ्या फेजवर टाकायला सांगा. थ्री-फेज मोटरी असतील तर तिन्ही फेज सारख्याच बसतात, तिथे फेज बदलून फरक पडणार नाही, वायरिंग वेगळं करणं आणि स्टार्टिंग सांभाळणं एवढंच.