दुखणे कमी असूनही आमवातात हाड कसे पोखरले जाते?

पाऊसवेडी:
माझ्या आईचे वय ५६ असून तिला चार वर्षांपासून आमवात, म्हणजेच रूमेटॉइड आर्थ्रायटिस, आहे. पहिले दीड वर्ष तिने आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट ही दाह शमवणारी गोळी नेमाने घेतली. पुढे केस गळतात म्हणून ती आपल्याच मनाने सोडली आणि दुखेल तेव्हा वेदनाशामक गोळी, एवढ्यावर भागवत राहिली. दुखणे सहन होण्याजोगे असल्याने आम्हीही आग्रह धरला नाही. आता हातापायांच्या एक्स-रेच्या अहवालात बोटांच्या मुळाशी ‘इरोजन’ (हाडाला पडलेले खळगे) असल्याचे आणि दोन सांध्यांमधील जागा कमी झाल्याचे लिहिले आहे. दुखणे आटोक्यात असताना हे कसे घडले, आणि या दोन गोष्टी एकच आहेत की वेगवेगळ्या? उपचार डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू होत आहेत. मला फक्त समजून घ्यायचे आहे.

सूक्ष्मदर्शी:
मी वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. सांध्याच्या पिशवीला आतून एक नाजूक अस्तर असते. निरोगी माणसात त्याच्या वरच्या थराची जाडी जेमतेम एक ते तीन पेशींची असते आणि सांध्यातले वंगण तेथूनच येते. आमवातात या अस्तरात रोगप्रतिकारक पेशींची गर्दी होते, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, आणि जाड झालेले ते अस्तर कडेकडेने कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणावर (कार्टिलेज), चढू लागते. त्याला पॅनस म्हणतात.

यापुढे नुकसानीच्या दोन वाटा आहेत. पहिली कूर्चेची. अस्तरातल्या पेशी अशी विकरे (एन्झाइम) सोडतात, की ज्यांमुळे कूर्चेतील कोलॅजेनचे धागे तुटत जातात. कूर्चा एक्स-रेवर उमटत नाही. दोन हाडांमध्ये जी रिकामी जागा दिसते ती बहुतांशी तिचीच, म्हणून जागा कमी होणे म्हणजे कूर्चा विरळ होणे. तिच्यात रक्तवाहिन्या नसल्याने ती भरून येत नाही आणि नसा नसल्याने ती स्वतः दुखतही नाही. आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग येथे आहे.

दुसरी वाट हाडाची, आणि तेथे काम करणाऱ्या पेशी आपल्याच असतात. जुने हाड काढून नवे भरण्याचे काम शरीरात सतत चालू असते, आणि काढण्याचे काम ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी करतात. त्यांना तयार होण्याचा आदेश रँकएल हे प्रथिन देते. टीएनएफ, इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-१७ हे दाहाचे संदेशवाहक रँकएल वाढवतात. शिवाय नवे हाड भरणाऱ्या पेशींनाही दाह रोखून धरतो. कूर्चा जेथे संपते आणि सांध्याची पिशवी जेथे चिकटते, त्या दोहोंच्या मधली हाडाची अरुंद पट्टी उघडी असते. अस्तर तेथे हाडाला थेट भिडते, म्हणून सुरुवातीचे खळगे बहुधा कडेला दिसतात. वेदनाशामक गोळी प्रोस्टाग्लँडिन हे वेदना वाढवणारे रसायन कमी करून दुखणे उतरवते. रँकएलच्या या साखळीला ती अडवत नाही.

(मणक्याच्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये दाहच असूनही नको तेथे नवे हाड वाढते. दोन्हींना सरसकट ‘संधिवात’ म्हटल्याने बराच घोटाळा होतो.)

सांधेकरी:
मी अकरा वर्षांची रुग्ण आहे. माझी तक्रार हाताची होती, पण पहिला खळगा सापडला पायाच्या करंगळीच्या मुळाशी. तेथे तो लवकर दिसतो, असे तेव्हा डॉक्टरांनी सांगितले. मेथोट्रेक्सेटने माझेही केस गळत होते. त्यांना सांगितल्यावर त्यांनी फॉलिक अ‍ॅसिड आणि मात्रा दोन्ही बदलून दिले. आईंना गोळी परस्पर बंद न करता ते बोलून पाहायला सांगा.

पाऊसवेडी:
मनःपूर्वक आभार. कॅल्शियम वाढवल्याने हे खळगे भरतील का? घरात सगळे तेच सुचवत आहेत.

सूक्ष्मदर्शी:
कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व एकूण हाडांसाठी, विशेषतः स्टेरॉइड चालू असेल तर, गरजेचे आहे. पण ऑस्टिओक्लास्टला मिळणारा आदेश त्याने थांबत नाही. तो आदेशच अडवणारे डेनोसुमॅब हे इंजेक्शन आहे, आणि आमवातातील हाडाची धूप रोखण्यासाठी जपानमध्ये त्याला २०१७ साली मान्यता मिळाली. त्याच्या चाचण्यांत खळगे वाढण्याचा वेग मंदावला, मात्र सांध्यातील जागा कमी होणे चालूच राहिले आणि सांध्याची सूजही उतरली नाही. हाड आणि कूर्चा या दोन वेगळ्या वाटा आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. दोन्ही वाटा एकदम अडवायच्या तर दाहच शमवावा लागतो, म्हणून मेथोट्रेक्सेट आणि ते पुरेसे पडले नाही तर टीएनएफ अडवणारी औषधे दिली जातात. त्यांचा पाया लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी या संशोधकांनी घातला. आपल्याकडे ती सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी करून घेतात.

दाह शांत राहिला तर लहान खळग्यांची कड कधीकधी पुन्हा धरते. गेलेली कूर्चा परत येत नाही. पुढील भेटीला जाताना जुना एक्स-रे मिळाला तर सोबत न्यावा, कारण एका चित्रावरून नुकसान किती झाले हे कळते, ते कोणत्या गतीने होत आहे हे कळत नाही.